शेरवानीवरची काणी

बांधाशी आले की ते आधी जोडे काढायचे, धोतर वर खोचायचे आणि सरळ ज्वारीत घुसायचे. मी बैलगाडीतच बसून राहायचो. मग आतून आवाज यायचा, "कारकूनसाब, गाडीतून बैलाचं शेपूट दिसतं, पीक न्हाई!"

हे निजामी अमलातले आमचे गिरदावर. पिकांची पाहणी करायची आणि पीक बुडालं असेल तर सरकारी मदतीची शिफारस करायची, हे त्यांचं काम. ती उर्दूत लिहून काढायची, हे माझं. चावडीत पान खाता खाता अख्ख्या गावाचं पीक लिहून मोकळे होणारे अंमलदार तुम्हीही पाहिले असतील. हे एकेका गावाला तीन-तीन दिवस लावायचे आणि माझी कंबर मोडायचे.

एका साली बिलोलीकडच्या एका गावात ज्वारीवर काणी पडली. ताटं पुरुषभर उंच, कणसं भरलेली. पण दाणा चिमटला की आत काळी भुकटी. गिरदावरांनी गावासाठी रोख मदत आणि निरोगी बी मागितलं. बी मिळालं नसतं तर पुढच्या साली तेच काणीचं बी पेरायची पाळी होती.

खात्री करायला वरचे साहेब मोटारीनं आले. आता गावाची चूक ऐका. साहेब दारी आलेला, त्याला उपाशी कसा धाडायचा? गंगाबाई नावाच्या विधवेनं माहेरचं बी विहिरीजवळच्या तुकड्यात पेरलं होतं. गावात तेवढंच रान स्वच्छ. तिनं तिथला हुरडा भाजून साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी पोटभर खाल्ला, मिशा पुसल्या आणि रानात न शिरताच म्हणाले, "फसल तो बहुत उम्दा है!" झालं. मदत नामंजूर.

गावानं गंगाबाईशी बोलणं टाकलं. गिरदावर तिच्या अंगणात उभे राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माय, तू पाव्हण्याला खाऊ घातलं, गुन्हा न्हाई केला. निस्तरायचं मी बघतो."

साहेबांचा मुक्काम पुढच्या गावी होता आणि त्यांना शिकारीचा भारी नाद. सकाळीच गिरदावर हजर. "हुजूर, उस हुरडेवाले गाँव में तीतर बहोत हैं."

तितर होते, खोटं कशाला बोलू! पण ते ज्वारीच्या पार पलीकडं. गिरदावर पुढं, पांढऱ्या शेरवानीतले साहेब मधे आणि त्या दिवशी गाडीतून उतरलेला मी मागं. पलीकडच्या बांधावर निघालो तेव्हा शेरवानी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत काळी झाली होती.

"हुजूर, यही फसल है," गिरदावर हात जोडून म्हणाले.

साहेबांनी बाहीकडं पाहिलं. एक कणीस चोळलं, दुसरं चोळलं, दहावं चोळलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काग़ज़ लाओ."

बांधावर मांडी घालून मी मंजुरी लिहिली. इतकं देखणं उर्दू माझ्या हातून पुन्हा कधी उतरलं नाही.

मदत वाटली गेली. बियाच्या गाड्या गावानं हलगी वाजवत आणल्या आणि पेरणीला चाड्यावर पहिली मूठ गंगाबाईला धरायला लावली. गिरदावर मात्र तिथं नव्हते. मंजुरीनंतर महिन्याभरातच त्यांची जंगलातल्या किनवटला बदली झाली होती. शेरवानी महाग पडली, दुसरं काय!

पुढच्या हिवाळ्यात मी किनवटला गेलो. गंगाबाईनं माझ्याजवळ फडक्यात बांधून चार कणसं दिली होती. तिच्या रानातली नव्हेत, गावातल्या चार रानांतली. गिरदावरांनी एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि कचेरीत ओरडलेच, "पांढरं हाय! आरं, पांढरं हाय!"

मग तो तळहात त्यांनी कारकुनाला दाखवला, शिपायाला दाखवला, कामाला आलेल्या जंगल-राखणदारालाही दाखवला. त्या बिचाऱ्यांना काही कळेना. मला मात्र या माणसाबरोबर काम केल्याचा अभिमान वाटला.

शेवटी त्यांनी ते दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं.