स्वच्छ आवाजाचा हेडसेट

आधीच सांगते, हा हेडसेट बिघडलेला नव्हता. बिघडलेला असता तर दुकानदाराच्या काउंटरवर आपटून मोकळी झाले असते.

कागलकडच्या एका गावाची सकाळची बस बंद झाली होती. कॉलेजच्या मुली आणि कामाला शहरात येणाऱ्या बायका हायवेपर्यंत पायपीट करायच्या. सोमवारी एसटी डेपोच्या साहेबांसमोर बैठक ठरली. गाव मोठ्या संख्येनं दिसलं तरच बस मिळणार, हे उघड होतं. आमच्या संघटनेत लोकांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. पत्रकं वाटायला हात मोकळे राहावेत म्हणून संघटनेनं ठरवलं, एक वायरलेस हेडसेट घेऊ, हिला वापरू दे, बरा निघाला तर सगळ्यांना घेऊ.

शाहूपुरीतल्या दुकानदारानं माझ्या कानात गाणं सोडलं. "बेस बघा की मॅडम!"

"मला नाचायचं नाही, बोलायचंय. कॉल लावा."

त्यानं माझ्या शेजारीच उभं राहून मला फोन लावला. "येतंय न्हवं ऐकू?" येणारच! त्याचा आवाज फोनशिवाय चौकापर्यंत जात होता.

शेवटी मीच रस्त्यावर जाऊन मैत्रिणीला फोन केला. मागं रिक्षा, हॉर्न, कुणीतरी कुणाला तरी बोंबलून हाका मारत होतं. ती म्हणाली, "घरी बसलीयस का गं? काय स्वच्छ आवाज येतोय!" हेडसेट पास.

दुसऱ्या दिवशी संघटनेचं नवं सिम घालून बसस्टँडवर उभी राहिले आणि फोन सुरू केले.

"नमस्कार, मी सोमवारच्या बैठकीसाठी..."

"लोन नको."

"नमस्कार काका, मी..."

"इमा काढलाय आमचा. दुसरं काम बघ की पोरी!"

एकेक जण माझं वाक्य संपायच्या आत फोन कापत होता. मी चिडून मोठ्यानं बोलायला लागले, तर आणखी लवकर कापायला लागले. मग एका मावशींना लावला. त्यांच्या घरी पुढच्या सोप्यात बसून मी चहा प्यायले होते. त्यांनाही पटेना.

"ती पोरगी? ती आसं गुळगुळीत बोलत न्हाय. तिच्या मागं कायम गाड्या-माणसांचा कालवा असतोय. तू एसी हापिसातनं बोलायलीस."

हेडसेट ओरबाडून काढला आणि फोन सरळ कानाला लावला. तेवढ्यात मागं कंडक्टर "गारगोटी, गारगोटी!" करून ओरडला.

"आत्ता आलं ध्यानात," मावशी म्हणाल्या. "स्टँडवर हाईस व्हय? बोल."

माझं डोकंच फिरलं. आमचा स्टँड, आमचा कंडक्टर, आमचा रस्ता म्हणजे गाळून टाकायचा कचरा, हे ठरवलं कुणी? हे यंत्र बनवणाऱ्यांनी गोंगाट म्हणून जे कापलं, त्यावरूनच तर आमची माणसं आम्हाला ओळखतात! बाकीच्यांना पुन्हा फोन लावायला गेले, तर निम्म्यांनी तो नंबर ब्लॉक करून टाकलेला.

मावशींनी डेअरीत दूध घालायला आलेल्या बायकांना सांगितलं म्हणून सोमवारी थोडी तरी माणसं आली. साहेबांनी खुर्च्यांकडे बघितलं. "एवढीच? मग गाडी भरणार कशी?"

"तुमी सोडा तर सायेब," मावशी म्हणाल्या, "भरायचं आमी बघतो."

साहेबांनी बस द्यायचं कबूल केलं. पण तात्पुरती! बाहेर आल्यावर मी तो हेडसेट संघटनेच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, दुसरा घ्यायचा नाही. हॉल भरलेला असता, तर तात्पुरती म्हणायची त्या माणसाची छाती झाली नसती.