कमीत कमी एक तास

आमच्या धंद्याचा पहिला नियम मारामारीतून ठरला. खोदकामाचं मशीन घेऊन तीन आठवडे झाले होते. एका माणसानं संडासाच्या खड्ड्यासाठी बोलावलं म्हणून लोहाऱ्याहून अकरा किलोमीटर मशीन नेलं. खड्डा दहा मिनिटांत झाला. त्यानं तासाच्या दराला सहानं भागलं आणि तेवढे पैसे, वरची चिल्लर धरून, माझ्या हातावर ठेवले. म्हणाला, "हिसाब बरोबर हाय न, भाऊ?"

मी त्याची कॉलर धरली आणि त्याच्याच अंगणात, त्याच्या बायकोदेखत, दोन वाजवल्या. त्याचा भाऊ फावडं घेऊन धावला. मी फुटलेला ओठ आणि रिकामा खिसा घेऊन परत आलो. येताना डंपरमागं धूळ खात ठरवून टाकलं की यापुढे काम पाच मिनिटांचं असो की पन्नास, दर पूर्ण तासाचा घ्यायचा.

माझं डोकं तापट आहे हे मी लपवत नाही. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी करून गेल्या, कुणी कधी आवाज चढवला नाही. सगळ्यांच्या वाटणीचा राग साठून माझ्या अंगात आला असावा असं आई म्हणायची.

बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. साखळी ओढण्यापासून सुरुवात करून तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातली शेतं मोजली होती. त्या संध्याकाळी औद्योगिक वसाहतीमागच्या आमच्या टिनाच्या शेडमध्ये ते कागद घेऊन बसले. डिझेल, ग्रीस, बकेटचे दात, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता असं सगळं एकाखाली एक लिहून त्यांनी तासाचा दर काढला. मुरमाचा वेगळा, विहिरीच्या गाळाचा वेगळा. गावातल्या बाकीच्या मशीनवाल्यांनी चहाच्या टपरीवर शपथा घेऊन जो दर ठरवला होता आणि आठ दिवसांत सगळ्यांनीच मोडला होता, त्यापेक्षा आमचा थोडा वर होता. "असू दे," बाबा म्हणाले, "आपला मुलगा चांगला चालवतो."

मुलगा म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा, उमरखेडकडचा शेतकऱ्याचा पोरगा, लग्न होऊन वर्ष झालेलं. मशीन त्याच्या हातात आलं की नव्या सुनेसारखं अदबीनं वागायचं. विहिरीच्या काठावर ठेवलेला पाण्याचा तांब्या तो बकेटनं उचलून दाखवायचा, पाणी न सांडता. लोक तेवढं बघायला थांबायचे. आमचा अर्धा धंदा त्या उजव्या हातावर चालत होता.

पेंटर ओळीवर पैसे घ्यायचा, चाळीस रुपये ओळ. मशीनच्या मागच्या पत्र्यावर लाल रंगानं चार ओळी लिहायच्या होत्या. तीन दरांच्या आणि चौथी, "कमीत कमी एक तास". बाबांनी कागदावर पाचवी लिहिली, "मोजणीशिवाय धुऱ्याचं काम होणार नाही".

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या भागात जितकी डोकी फुटली त्यातली निम्मी तरी धुऱ्यापायी फुटली असतील. तेव्हा कापसाचे दिवस फार वाईट होते. बोंडं आतून किडायची, जे हाती लागे त्याला भाव नसायचा. माणसं कापसावर रागावून काय करणार, ती शेजाऱ्यावर रागवायची. माझ्या फोनवर रोज येणाऱ्या कामांत निम्मी कामं धुऱ्याची होती.

"बाबा, मग खायचं काय?" मी विचारलं.

"ऐक," ते म्हणाले. "पूर्वी धुरा सरकवायला माणसाला दहा वर्षं लागायची. दर नांगरटीला वीतभर. तोवर भांडणारे म्हातारे व्हायचे. तुझं मशीन एका सकाळीत सरकवतं. आता भांडायला जवान माणसं हजर असतात."

मी हसलो. पेंटरला सांगितलं, चार ओळी पुरे, पत्र्यावर जागा नाही. जागा होती.

मे महिन्यात मशीन पुसदकडं विहिरींच्या गाळाच्या कामावर होतं, तेव्हा पुढच्या एका गावातून फोन आला. नाली साफ करायची आहे, सकाळी लवकर या. तिथं गेल्यावर दिसलं की नाली कुठंच नव्हती. फोन करणारा धिप्पाड माणूस पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळून उभा होता आणि त्याच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या शेतांमध्ये जुना धुरा होता, बोराट्या आणि गवत वाढलेला. त्यानं चुन्यानं नवी रेघ आखून ठेवली होती, चुलतभावाच्या बाजूला पंधरा पावलं आत. चुलतभाऊ कुठाय, मी विचारलं. "लग्नाले गेला," तो म्हणाला.

मला सगळं समजलं होतं. मी मेव्हण्याला म्हणालो, कर सुरू.

जुना धुरा पंचवीस मिनिटांत नव्या जागी गेला. मेव्हणा मशीन वळवायला लागला तसा धिप्पाड माणूस आडवा आला. मागच्या पत्र्यावर हात थापटून मोठ्यानं वाचलं, "कमीत कमी एक तास." मग घड्याळ दाखवलं. "पस्तीस मिनिटं मायी बाकी हायेत न भाऊ. ते बाभूळ काढा."

बाभूळ काढली. मग म्हणाला, हा पाइप उखडा, तोही उखडला. मग त्यानं कोठ्याकडं बोट केलं. चुलतभावाचा बैलांचा कोठा, कुडाच्या भिंती, वर टिनं. चुन्याची रेघ बरोबर त्याच्या मधून जात होती, नवा धुरा तेवढ्यापुरता तुटला होता.

मेव्हण्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "भाऊजी, हे धुऱ्याचं काम नोहे. आतमंधी बैलायचे दावे हायेत, खायाचं कुटार हाय. मी नाई करत."

धिप्पाड माणूस माझ्याकडं वळला. आजूबाजूच्या शेतांतून सात-आठ जण जमले होते. "मंग असं करा, अर्ध्या तासाचे पैसे घ्या अन् जा. लिवता एक अन् करता एक. पत्र्यावर खोटं कायले लिवता?"

त्या एका नियमासाठी मी गावोगाव भांडलो होतो, शिव्या दिल्या होत्या, खाल्ल्या होत्या. आता तोच नियम कुणीतरी माझ्या थोबाडावर मारत होतं आणि लोक हसत होते.

"चालव," मी म्हणालो.

"भाऊजी—"

"चालव म्हटलं न तुले! भेव वाटत असन तं घरी जाऊन बायकोच्या पदराखाली बस."

तो माझ्याकडं एकदा बघून किल्लीकडं वळला. लोकांसमोर मी त्याला तसं बोललो, हे मला आजही झोपू देत नाही असं नाही, झोप लागते. पण जेवताना आठवलं की घास फिरतो.

कोठ्याची पुढची भिंत एका धक्क्यात बसली. टिनं बकेटवर आली आणि करकरत वर गेली. तेवढ्यात दोन मोटारसायकली उभ्या पिकातून यावं तशा नांगरटीतून उसळत आल्या. चुलतभाऊ लग्नाला गेला नव्हता, बाजारात गेला होता. त्याच्याबरोबर त्याचा थोरला मुलगा होता आणि त्यांचा सालगडी.

पहिला दगड समोरच्या काचेवर बसला आणि काच साखरेसारखी खाली आली. धिप्पाड माणूस पळाला. एक चप्पल माझ्या पायाशी टाकून, तुरीच्या वाळल्या फणकटांतून, त्याच्या वजनाला न शोभेल अशा वेगानं पळाला. ज्याच्यासाठी कोठा पडत होता तो गेला, आणि केबिनमध्ये बसलेला माणूस तेवढा राहिला. चुलतभावाच्या मुलाच्या हातात कुऱ्हाड होती. तो पायरीवर चढला आणि त्यानं घाव घातला. मेव्हण्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला.

आवाज मला आठवतो. ओल्या लाकडावर घाव पडतो तसा.

मी मशीनखालून टॉमी ओढली, हातभर लांबीची लोखंडी पहार. कुऱ्हाडवाला घाव घालून स्वतःच घाबरला होता, मागे सरकला होता. दुसरा एक माणूस आता पायरीवर होता आणि मेव्हण्याला दोन्ही हातांनी बाहेर ओढत होता. मी धावत गेलो आणि सगळ्या ताकदीनं त्याच्या खांद्यावर टॉमी घातली. हाड मोडल्याचं माझ्या हाताला समजलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. तो खाली पडला तेव्हा मी अजून एक घातली, पाठीवर. तिसरी घालणार तेवढ्यात मेव्हणा वरून ओरडला, "भाऊजी, नका! वाचवून राह्यला तो मले!"

तो सालगडी होता. मालकाच्या पोराच्या हाती पुन्हा कुऱ्हाड लागायच्या आत आमच्या माणसाला खाली उतरवायला तो चढला होता.

इंजिन चालूच होतं. बकेट हवेत, त्यावर टिनं लटकलेली. कुणीच किल्ली फिरवली नाही.

गावातल्या एका ऑटोत आम्ही तिघं यवतमाळला निघालो. मी पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं मेव्हणा, हाताला धिप्पाड माणसाचाच पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, त्याच्या पळण्यात तो तिथंच पडला होता. त्याच्या शेजारी सालगडी. त्याचा डावा हात लोंबत होता, आणि उजव्या हातानं त्यानं मेव्हण्याचा हात डोक्याच्या वर धरून ठेवला होता, रक्त कमी जावं म्हणून. अडीच तास त्यानं तो हात खाली येऊ दिला नाही. मी आरशातून बघत होतो. एकदा म्हणालो, "मले माहीत नव्हतं." तो म्हणाला, "तुमचा हात लय जड हाय," आणि बाहेर बघायला लागला.

सरकारी दवाखान्यात मेव्हण्याची तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली. बायको आली, भावाजवळ बसली आणि माझ्याशी दोन महिने बोलली नाही.

चौथ्या दिवशी धिप्पाड माणसानं पैसे पाठवले. पूर्ण एका तासाचे, एक रुपया कमी नाही. आणणारा त्याचा कुणी भाचा होता. मी नोटा त्याच्या तोंडावर फेकल्या, आणि तो वाकून गोळा करायला लागला तशी त्याला लाथ घातली. तिथंच व्हरांड्यात, पेशंटांच्या नातेवाइकांसमोर, बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मी बत्तीस वर्षांचा होतो.

"अजून भागलं नाही का तुझं?" ते म्हणाले. धुऱ्याबद्दल त्यांनी तेव्हाही काही म्हटलं नाही, नंतरही नाही.

दोन्हीकडून केसेस झाल्या आणि दोन वर्षांनी दोन्हीकडून थकून मिटल्या. सरकारी मोजणी झाली तेव्हा धुरा जुन्याच जागी निघाला. सालगड्याच्या घरी मी दिवाळीला जायचो. खांदा त्याला पुरता साथ देत नव्हता. तो चहा द्यायचा, फारसं बोलायचा नाही.

मशीनला नवीन ड्रायव्हर ठेवला. बरा होता, पण तांब्या त्यानं कधी उचलला नाही. मेव्हणा शेडमध्ये बसून फोन घ्यायला लागला. डाव्या हातानं कामं लिहून घ्यायचा, सुरुवातीला अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी यायची.

पुढच्या पावसाळ्यानंतर मशीनला नवा रंग द्यायचा होता. तोच पेंटर आला. मी त्याला पाच ओळी सांगितल्या. पाचवी त्यानं लिहायला घेतली तेव्हा मेव्हणा बाहेर येऊन उभा राहिला आणि वाचत राहिला.

"ही ओळ पहिल्यांदा काहून नाई लिवली, भाऊजी? मामांनी तं सांगितली होती म्हणे."

मामा म्हणजे माझे बाबा. घरातून त्याच्या कानावर गेलं असणार. मला खोटं बोलता आलं असतं. पत्र्यावर जागा नव्हती, हे तोंडावर आलंही होतं.

"धुऱ्याची कामं गेली असती," मी म्हणालो. "अन् ओळीचे पैसे वाचले."

"किती?"

"चाळीस."

त्यानं मान हलवली. मग उजवा हात शर्टाच्या खिशात घातला. अंगठा आणि करंगळीत नोट नीट धरता येत नव्हती, दोनदा सुटली. पेंटर ब्रश घेऊन थांबला. मी पुढं झालो तर मेव्हण्यानं डाव्या हातानं मला अडवलं. तिसऱ्या वेळी नोटा निघाल्या, दहाच्या चार. त्यानं त्या पेंटरला दिल्या.

"या ओळीचे मायाकडून घ्या," तो म्हणाला, आणि फोन वाजत होता म्हणून आत गेला.