एनिसमधली चौदा मतं

"त्या बिचाऱ्याला हवामानाची फारच काळजी दिसते," कुंपणापलीकडचे म्हातारे शेजारी आपल्या बायकोला म्हणाले. मी दोरीवरचे कपडे काढत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, कारण त्यांचा हा गैरसमज मीच करून दिला होता.

तो बिचारा म्हणजे माझ्या घरमालकीणबाईंचे वडील. ब्रिटनच्या सरकारची इतकी मनापासून काळजी करणारा माणूस खुद्द ब्रिटनमध्येही सापडणार नाही. काका २०२० च्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी लेकीकडे आयर्लंडमधल्या एनिसला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले ते अडकलेच. मी जवळच्या शॅननला नोकरी करायचे आणि त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. काका नगरकडच्या एका तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. उभी नोकरी निवडणुकांच्या कामात गेलेली. सकाळी आंघोळ, पूजा आणि मग लंडनच्या बातम्या. तिथलं सरकार मुदतीआधीच निवडणूक घेणार अशी कुजबुज सुरू झाली, की काकांचा चहा गार होई. "बहुमत आहे ना? मग गपगुमान कामं करा की! साहेबांचं काय, सही केली की झालं. पेट्या डोक्यावर घेऊन ओढा कोण ओलांडतं?" एकदा तर त्यांनी पोळ्या करणाऱ्या लेकीला थांबवून, ओट्यावरच्या पिठात बोटानं रेघा ओढून मतदान केंद्राची रचना समजावली होती. "बाबा, इथे कोणासमोर ब्रिटनचं नाव काढू नका हं," ती म्हणायची, "आपण आयर्लंडमध्ये आहोत." "म्हणूनच विचारायचं," काका म्हणायचे, "यांनाही इंग्रजांचा आपल्याइतकाच अनुभव."

२०२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या कॉलनीचा कौल घ्यायचं ठरवलं. तो ते थेट ब्रिटनच्या पंतप्रधानांना पाठवणार होते. काकांना इंग्रजी वाचता छान यायचं, पण इथल्या लोकांचं बोलणं त्यांना कळत नसे आणि त्यांचं लोकांना. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून दुभाषी. भर जुलैत कानटोपी घालून, काठीनं दोन मीटर मोजून ते एकेका फाटकाशी उभे राहायचे आणि खणखणीत मराठीत विचारायचे, "ब्रिटनच्या सरकारनं लवकर निवडणूक घ्यावी का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ऑफिसातल्या कोणी पाहिलं तर? मी चपलांकडे बघत इंग्रजीत विचारायचे, "काका विचारतायत, उद्या पाऊस पडेल का?" लोक आभाळाकडे बघत भरभरून बोलायचे. मग मी काकांना सांगायचे, "नको म्हणतात. मुदत पूर्ण करू दे म्हणतात." काका इतके खूश व्हायचे, की माझी लाज तेवढ्यापुरती कमी व्हायची.

चौदा घरं झाल्यावर ते वही उघडून पत्र लिहायला बसले. लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी चष्मा काढला.

"चौदा 'नको'. एकही 'हो' नाही? बाळ, एखाद्या केंद्रावर अशी मतं निघाली ना, की आम्ही आधी केंद्राध्यक्षाकडे बघायचो."

आता बोट माझ्याकडे वळणार असं मला वाटलं. पण त्यांनी बोट स्वतःच्याच छातीवर ठेवलं. "माझंच चुकलं. म्हातारा माणूस दारात येऊन उभा राहिला, तर लोक भिडेखातर त्याच्या मनासारखंच बोलणार. असला कौल कुठं पाठवतात?"

त्यानंतर काका फाटकापर्यंतही जाईनात. बातम्या लागलेल्या असल्या तरी खिडकीबाहेर बघत बसायचे आणि चहा गरम असतानाच पिऊन टाकायचे. "बरं झालं बाई, शांत झाले," त्यांची लेक म्हणाली. मला ती शांतता सोसेना. त्यांचं परतीचं तिकीट आलं होतं. आयुष्यभर निवडणुका नीट पार पाडलेला हा माणूस, शेवटची आपल्यामुळे बिघडली असं समजून घरी जाणार होता.

शनिवारी ते बॅग भरत होते. वही त्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली होती. मी दारात उभी राहून मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवलं, मग मराठीत. दोन्हींत ते मला सोयीचंच निघत होतं. शेवटी त्यांच्याच कचेरीतले शब्द वापरले.

"काका, तुमचं काही चुकलं नाही. चौदाही मतं बोगस आहेत. मीच टाकली."