नितळ पाणी गेटाचंच होतं

ये, जवळ बस. अन् तो मोबाईल ठेव बाजूले. मावशी बोलत असली का मान वर ठेवावी, एवढंबी शहरात जाऊन विसरली? फोनवर तू म्हणत होती, "मावशी, साहेबलोकाशी काहून भांडतेस?" काहून, ते आईक.

धरणाच्या रेस्टहाऊसच्या मागच्या दारात मी उकिडवी बसून मरळ साफ करून राहिली होती. दर रविवारचंच. धरणाच्या साहेबाले माझ्याच हातची मासोळी लागे, पण उंबऱ्याच्या आत माझा पाय चालत नसे. त्या दिवशी हिंमत केली. म्हटलं, "साहेब, काल न सांगता गेट उघडलं. आमची डांगरवाडी वाहून गेली."

उन्हाळ्यात वैनगंगा आटली का आम्ही ढिवर, मासोळी धरणारे लोक, उघड्या रेतीत खड्डे करतो, शेणखत घालतो, टरबूज-डांगराचे वेल लावतो. तीच डांगरवाडी. माझी सून सिंधू, पोटुशी, वेलांले पाणी घालत होती. पाणी घोट्याले लागलं, बघता बघता कमरेले. केस धरून ओढली मी तिले. केस धरून, बाई!

साहेब खुर्चीतूनच बोलला, "गेट उघडलंच नाही. वर पाऊस झाला असेल."

"पावसाचं पाणी गढूळ राहते, साहेब. काडीकचरा आणते, फेस आणते. हे नितळ होतं. चैताच्या उन्हात थंडगार. धरणाच्या तळातलं."

तो पाहुण्यांकडे वळून हसला. "बघा, आता मासेवाली आपल्याला धरण शिकवणार." मग मले, "त्या रेतीचा सातबारा तुझ्या बापाच्या नावावर आहे का? अन् वास मारतेय, आधी हात धू."

सगळे हसले. आमचा सरपंच बसला होता, तोही हसला. अन् सांगू? मीही हसली. सवयीनं. तेच मले जाळते.

हात धुता धुता धरणाची भिंत दिसली समोर. ह्याच भिंतीले मी डोक्यावरून गिट्टी वाहिली. माझ्या आईचं गाव ह्याच पाण्याखाली गेलं. तेव्हा आमच्या घामाचा वास नाही आला कोणाले! ह्या घरातला पंखा आमच्या नदीच्या विजेवर फिरते, अन् मी दारात!

अर्धी कापलेली मरळ उचलून टोपल्यात टाकली.

"अगं, जेवणाचं काय?" साहेब ओरडला.

"आज वासच खा, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाया धरणाच्या बाहेरच्या फाटकावर पाळीपाळीनं बसून राहिलो. मागणं एकच. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवा. भोंगा हाये ना! पंधरा ऑगस्टले मस्त वाजते. आमच्या जिवासाठीच त्याचा गळा बसते काय?

सरपंच आला समजवाले. "काकू, माफी मागून टाका, मिटवून टाकू."

"माफी मागितली म्या," म्हटलं, "सिंधूची. तिच्या जिवावर हसले लोक, अन् त्यात मीबी हसली म्हणून. तू कवा मागतोस?"

उठून चालला गेला.

आता कोण्याच ढिवराची मासोळी त्या दारात जात नाही. सिंधूचे दिवस भरत आले. म्हणते, लेकरू घेऊन तिथंच बसीन. बसू दे. भोंगा वाजल्याबिगर मी उठत नाही, मेली तरी नाही.

तू आली, बरं वाटलं. आता लवकर परत ये, बाई. पण घरी नको येऊ. फाटकावर ये.