येळवशीला घर राखायला

ये गं, अशी जवळ बस. लांबून काय हूं हूं करायलीस? म्हणे, "आजी, तुमच्या काळी येळवशीला किती एकोपा असायचा!" कुणी सांगितलं तुला? ऐक आता.

रझाकारांची धामधूम नुकतीच सरली होती. मी नवी सून. ओढ्याच्या अल्याड सासरचं रान, पल्याड माझ्या बापाचं. पंचमीला मला माहेरी धाडलंच न्हाई, म्हणून मी येळवशीची वाट बघत होते. त्या अमावस्येला सारं गाव आपापल्या रानात जातं, कडब्याची कोप, म्हंजी लहानगी खोपटी, करून पूजा करतं, तिथंच जेवतं. पल्याड आई येणार. तिच्याजवळ बसून दोन घास खायचे, एवढंच मला पाहिजे होतं.

आंबील मी घुसळली. भज्जीच्या भाजीच्या शेंगा मी सोलल्या, बाजरीचे उंडे मी वळले. अन् बैलगाडीत चढायला गेले तर सासू म्हणाली, "तू कुठं निघालीस? घर कोण राखील? दिवस कसले हायेत!"

"आत्याबाई, कुलूप लावू की."

"कुलपाला काय दात हायेत, चोराला चावायला?"

सगळी हसली. नवराबी हसला. त्या हसण्याची चीड मला अजून हाय.

गाडी गेली. राखायला होतं काय, तर चार रांजण अन् एक म्हातारी शेळी! घराला कुलूप ठोकलं, शेळीचं दावं धरलं अन् निघाले तरातरा.

रानात मला बघून सासूचा घास हातातच राहिला. मी थांबलेच न्हाई. ओढा उतरून थेट आईपुढं. आईचं तोंड उजळलं, माझ्यासाठी पळसाचं पान मांडायलाबी तिनं घेतलं. तेवढ्यात मागून सासूची हाक आली. आईचा हात थांबला.

"जा बाई माघारी. घर टाकून असं येऊ न्हाई. लोक काय म्हणतील?"

"आई, एक घास तरी..."

"जा म्हणले न्हवं!"

तशीच उपाशी परतले. कुलूप जसंच्या तसं होतं. कोण येणार होतं मरायला?

म्हातारपणी राग निवतो म्हणतात. खोटं हाय. सासूवरचा निवला, ती परकीच होती. आईवरचा न्हाई निवला. तिलाबी तिच्या सासूनं अशीच घरी बसवली असणार. आपण भोगलेलं लेकीच्या पदरात कामून घालायचं? सांग की!

माझ्या सुनेला मी एकाबी येळवशीला घरी ठिवली न्हाई. न्यायचं ते नेऊ दे चोरानं.

उद्या तू सासरी जायलीस. घर कोण बघील, अशी सबब मला सांगू नको. येळवशीला लवकर ये, बाई. मी तुझ्यासाठी पान मांडते.