दादाचे तीन डिले

लकव्याने माझ्या थोरल्या भावाचा डावा हात गेला तेव्हा ऑर्केस्ट्रातले लोक आधी त्याची तब्येत विचारायला आले. मग महिन्याभराने त्याच्या गिटारच्या आवाजाबद्दल विचारायला आले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. जयंतीचे कार्यक्रम दोन महिन्यांवर आले होते.

दादा वीसेक वर्षं भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. मुखडा संपून अंतरा सुरू व्हायच्या आधी तो चार-पाचच सूर छेडायचा, पण ते सूर एकमेकांच्या मागे-पुढे घुमत राहायचे आणि मंडपात बसलेल्यांना वाटायचं, तिघं-चौघं वाजवताहेत. पायाशी त्याची तीन जुनी डिलेची पेडलं असायची. डिले म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारं यंत्र. लकव्यानंतर वहिनीने ती पोत्यात घालून माळ्यावर टाकली. मी काढून पाहिली तेव्हा दोन चालूच झाली नाहीत.

गायक मला म्हणाला, "मास्तर, आता तुमीच वाजवा. पण आवाज तोच पाह्यजे."

मी जऊळक्याच्या शाळेत शिक्षक आहे. गिटार मीही वाजवतो, ऑर्केस्ट्रात दादाच्या शेजारी साथीला, पण कोणी लक्षात ठेवावी अशी नाही. मी एक छोटा मॉडेलर घेतला. त्या एका डब्यात तऱ्हेतऱ्हेचे अँप्लिफायर आणि पेडलं असतात, खरी नाहीत, पण आवाज खऱ्यांचा. दादाच्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. रोज शाळा सुटली की मी ते कानाला लावायचो आणि कोणता सूर किती वेळाने परत येतो ते वहीत लिहायचो.

त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. दवाखान्यात वाटलं नाही, त्याला धरून घरी आणलं तेव्हाही नाही. लोक म्हणायचे, मास्तर धीराचे आहेत. धीर वगैरे काही नव्हता. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसा मी सगळाच झालो होतो. आकडे लिहायला ते बरं पडायचं.

आकडे जुळले तरी आवाज जुळेना. तीन डिले लावले की नुसता काला व्हायचा. शेवटी एका रविवारी डबा पिशवीत घालून मेडशीला दादाकडे गेलो. त्याने बाजेवर बसून दोन मिनिटं ऐकलं.

"एकामागं एक जोडले का तू?"

"हो. तुये लायनीतच होते ना?"

"ठेवलेले लायनीत होते. जोडलेले नव्हते."

मग त्याने सांगितलं. कामरगावच्या एका रेडिओवाल्याने त्याला एक डबी करून दिली होती. गिटारची एक वायर आत, तीन वायरी बाहेर. तिन्ही पेडलं फक्त गिटार ऐकायची, एकमेकांना ऐकायची नाहीत.

"एकाचं बोलनं दुसऱ्यानं उचललं का गिल्ला होते," तो म्हणाला.

वीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहिलो होतो आणि मला ही डबी माहीत नव्हती. मी विचारलं, "मले कधी सांगतलं काहून नाई?"

"तू कधी इचारलं नाई."

मी मॉडेलरमध्ये तीन वाटा वेगळ्या केल्या. मी वाजवायचो, तो उजव्या हाताने बटणं फिरवायचा. उजवी टाच जमिनीवर आपटत त्याने तिघांच्या वेळा लावल्या. पहिला लगेच येणारा, दुसरा त्याच्या दीडपट उशिरा, आणि तिसरा जवळजवळ एका सेकंदाने. तिसऱ्याची धार त्याने कापून टाकली, म्हणजे तो लांबून, शेताच्या पलीकडून आल्यासारखा वाटेल. काला गेला. एकेक सूर वेगळा ऐकू येऊ लागला. तरी ते दादाचं वाजवणं नव्हतं.

"मशीन बराबर हाये," तो म्हणाला.

"मंग?"

"तुया हात जड हाये." बटणावरचा हात काढून तो म्हणाला, "तू सूर धर. मी छेडतो."

मी गिटार मांडीवर घेऊन त्याच्या डाव्या अंगाला सरकलो. त्याने उजवा हात पुढे करून तारांवर ठेवला. माझी डावी बोटं, त्याची उजवी. तो तार जेमतेम शिवायचा आणि लगेच तळहाताच्या कडेने दाबायचा. त्यामुळे मूळचा सूर आणि परत येणारा सूर एकाच जोराचे व्हायचे, कोणता वाजवलेला आणि कोणता मशीनचा ते कळायचं नाही. पाच सुरांत तो आवाज आला.

वहिनी कणकेच्या हातांनी दारात आली. "भाऊजी, हे तुमी वाजवून राह्यले का?"

"दोघं मिळून," मी म्हणालो.

ती कणीक मळायला परत आत गेली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दादाची नखं फार वाढली आहेत एवढंच दिसलं. मी नेलकटर मागवून ती कापली आणि आकडे वहीत उतरवले.

पुढचे पाच रविवार त्याने माझा उजवा हात हलका करून घेतला. जयंतीच्या कार्यक्रमाला तो जीपने जऊळक्याला आला आणि साउंडवाल्याशेजारी खुर्चीवर बसला. मी वाजवलं. चुकलं नाही. गायक माईकवरून उतरल्यावर म्हणाला, "डोळे मिटले का दादाच उभा हाये असं वाटे." दादाने ते ऐकलं आणि चहा मागितला.

परत जाताना जीपमध्ये त्याने विचारलं, "वाजवताना तुले कसं वाटलं?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. "काहीच नाई वाटलं."

"मलेबी कधी वाटलं नाई," तो म्हणाला. "मी मात्रा मोजत राहो. लोकायले वाटे."

मेडशी आली. मी त्याला उतरवलं, पायरी चढवली, चप्पल काढून दिली.

आता डबा आठवडाभर त्याच्याकडेच असतो. तो एका बोटाने सेटिंग करत बसतो. गेल्या महिन्यात त्याने एक नवीनच आवाज लावून दिला. त्यात दोनच डिले आहेत, तार जरा जोराने छेडावी लागते. "हा तुया हाताचा हाये," एवढंच म्हणाला. पुढच्या कार्यक्रमात मी तोच वाजवला. मंडपात कोणाला फरक कळला नाही. गायकाला कळला, त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि पुढचं गाणं सुरू केलं.