दांडीवरचा गमछा

लाल मिरचीचा ठसका लागला की ती घटना आजही आठवते. डोळ्यांत पाणी येतं आणि घरातली माणसं म्हणतात, मिरची झोंबली. मी खुलासा करत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागितले, आता द्यायचा कंटाळा येतो.

तेव्हा मी नंदुरबारला एका ठाण्याचा प्रभारी होतो. मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असे आणि वारा फिरला की आमच्या ठाण्यात फिर्यादी, आरोपी आणि ठाणे अंमलदार एकदमच शिंकत. एका दुपारी मिरची पावडरच्या कारखान्यातून फोन आला. चक्कीत सापडून एक मजूर गेला होता. पस्तिशीच्या आतला, सातपुड्यातला, मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. बायकोसह हंगामापुरता आला होता. तो चक्कीवर, बायको बाहेर बायकांमध्ये मिरचीचे देठ खुडायला.

पंचनामा केला, मयताला सिव्हिलला पाठवलं, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. असे अपघात आम्ही पाहिलेले होते. पण संध्याकाळच्या सुमारास ठाण्यातला फोन वाजला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"साहेब, हाऊ अपघात नही शे. मर्डर शे. मशीनवाल्यानी त्याले चार लोकंसमोर सांगेल व्हतं, एक दिन तू मशीनमा जाशी."

मशीनवाला म्हणजे चक्कीचा ऑपरेटर. तापीकाठच्या गावचा, पन्नाशीचा, त्याच कारखान्यात जुना. मी चौकशी केली तर भांडण खरं निघालं. चक्कीवर पोरं मोबाईल बघत काम करायची. कुणाचं बोट जाता जाता राहिलं होतं. ऑपरेटरनंच मालकाकडे धोशा लावला, की कामावर मोबाईल बंद करा. मालकानं गेटवर एक पेटी ठेवली. आत येताना मोबाईल पेटीत, जाताना परत. मयत त्यावरून ऑपरेटरशी भांडला होता आणि तेव्हाच ते वाक्य बोललं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगरातून पिकअप भरून मयताचे नातेवाईक आले. ओरडा नाही, घोषणा नाही. ठाण्यासमोर बसून राहिले. ओरडणाऱ्या जमावाला कसं हाताळायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं, गप्प बसणाऱ्याला कसं हाताळायचं ते नाही. त्यांच्यातला एक म्हातारा एवढंच म्हणाला, "तो माणूस सुटला तर आमचा माणूस फुकट गेला." मी ऑपरेटरला आणून बसवलं. खुनाचा गुन्हा लागला असता तर त्याचं उरलेलं आयुष्य गजाआड गेलं असतं.

माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस आधी पाणी मागतो. यानं समोर ठेवलेल्या पाण्यालाही हात लावला नाही.

"तू त्याला धमकी दिली होतीस?"

"धमकी नही साहेब. मी सांगं, मोबाईलमा डोकं घाली ऱ्हायना तं एक दिन मशीनमा जाशी. बापनी तऱ्हा सांगं."

"मग मशीन चालू कुणी केलं?"

"मीच. पन दांडीवर गमछा नव्हता."

गमछ्याची रीत मला कारखान्यातल्या सगळ्यांनी एकसारखीच सांगितली होती. मिरचीत ओल राहिली की चक्कीचा घसा बसतो. तो मोकळा करायला माणसाला आत उतरावं लागतं. उतरणाऱ्यानं आधी मेन स्विचची दांडी खाली पाडायची आणि तिच्यावर स्वतःचा गमछा टाकायचा. दांडीवर गमछा आहे म्हणजे आत माणूस आहे. तो ज्याचा त्यानंच काढायचा, मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण कुलपापेक्षा पक्की होती.

आणि त्या दिवशी मयतानं गमछा टाकलेला दोघा मजुरांनी स्वतः पाहिला होता. ऑपरेटर तेवढ्यात चहाला बाहेर गेला होता. परत आला, दांडी पाहिली, गमछा नाही, हाक मारली, शेजारच्या चक्कीच्या आवाजात उत्तर ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यानं दांडी वर केली.

"साहेब, गमछा दिसता तं मी हात लावता का?" एवढं बोलून तो पहिल्यांदा रडला. "मन्हा हातनं माणूस मरना. तुमी काय करशात ते करा."

एकतर ऑपरेटर खोटं बोलत होता, नाहीतर गमछा कुणीतरी काढला होता. मी पुन्हा कारखान्यात गेलो. गेटवरची पेटी उघडायला लावली. निम्मे मोबाईल मेलेले निघाले. फुटलेले, बॅटरी नसलेले, कुणाच्या पोराचं खेळणं झालेले. मजुरांनी पेटीत डबडी टाकली होती आणि चालते मोबाईल आत नेले होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला तो प्रकार. मयताच्या नावाचंही असंच एक डबडं पेटीत होतं.

मग त्याचा चालता मोबाईल कुठं होता? स्विचबोर्डाच्या लाकडी पेटीमागे एक फळी होती आणि तिथं चार्जर लोंबत होता. दांडीवर गमछा टाकला की फळी झाकली जाई. जिथं हात लावायचा नाही अशी कारखान्यात एकच जागा होती आणि पोरांनी मोबाईल नेमका तिथंच लपवला होता. चार्जर होता. मोबाईल नव्हता.

ठाण्यात परतलो तेव्हा नातेवाईकांमध्ये मयताची बायको बसली होती. आदल्या दिवसापासून नवऱ्याचा गमछा तोंडाशी धरून होती. सिव्हिलला होती तेव्हाही तो तिच्या हातात होता. मी पाहिला होता, माझ्या हवालदारांनी पाहिला होता. नवरा गेलेल्या बाईच्या हातात नवऱ्याचा गमछा, यात कुणाला काय वाटणार? आता मात्र मी तिच्यासमोर थांबलो.

आमच्या ठाण्यात धडगावकडची एक महिला शिपाई होती, तिला त्या बाईची बोली येत होती. दोघींना आत घेतलं. मी विचारलं, "हा गमछा तिला कुठं मिळाला?"

बाईनं काही न लपवता सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. घरी पाड्यावर लहान मुलगी आजीजवळ ठेवलेली. मुलीला ताप होता. पाड्यावर रेंज नाही. आजी दुपारी शेजाऱ्याचा मोबाईल घेऊन टेकडीवर चढणार आणि तिथून फोन करणार, असं ठरलेलं. इकडून लावायची सोय नाही, आला तो घ्यायचा. नवरा-बायकोत एकच मोबाईल, तो नवऱ्यानं कुठं ठेवलाय ते तिला ठाऊक होतं. वेळ झाली तशी ती उठून आत गेली. नवरा दिसला नाही. आत मिरचीच्या पुडीचा खकाणा भरला होता. समोर नवऱ्याचा गमछा दिसला, तो काढून तिनं तोंडाला गुंडाळला, मोबाईल घेतला आणि बाहेर पथारीवर येऊन बोलत बसली. मुलीचा ताप उतरला होता. ती बोलत असतानाच आतून चक्की सुरू झाल्याचा आवाज आला, असं तिनं सहज सांगितलं.

ती देठ खुडायला येऊन थोडेच दिवस झाले होते. आतल्या कामाच्या रिती बाहेरच्या बायकांना कुणी सांगत नसे.

मी शिपाईबाईला म्हणालो, "तिला सांग, दांडीवरच्या गमछ्याचा अर्थ काय असतो."

ती म्हणाली, "सर, हे मी सांगू?"

कोठडीत एक निरपराध माणूस बसला होता आणि बाहेर त्याच्यावर खुनाचा गुन्हा मागणारे लोक. मी म्हणालो, "सांग."

तिनं सांगितलं. बाई रडली नाही. गमछा तोंडावरून काढून मांडीवर ठेवला, घडी घातली, पुन्हा मोडली. मग शिपाईबाईला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, त्या माणसाला सोडा. माझ्या माणसांना मीच सांगते."

आणि तिनं बाहेर जाऊन स्वतः सांगितलं. म्हातारा उठला आणि पिकअपकडे चालू लागला. बाकीचे त्याच्यामागून गेले.

ऑपरेटर सुटला. यंत्राला कुलपाची सोय ठेवली नाही म्हणून मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. बाईचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. तेवढं आम्हाला करता आलं. ऑपरेटर पुन्हा चक्कीवर गेला नाही. मला एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, मोबाईल बंद कराले मीच लावं व्हतं. चांगलंच करी ऱ्हायनू असं वाटे." त्याचं म्हणणं खरंच होतं. चालत्या यंत्रापाशी मोबाईल नकोच. आमच्या ठाण्यातही पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हातात मोबाईल दिसला की मी झापत असे.

पण त्यानंतर जिथं जिथं कारखानदारांच्या बैठकीत बोलायची पाळी आली, तिथं एकच सांगितलं. मोबाईल काढून घेताय, जरूर घ्या. पण आधी एकेकाला विचारा, तुझा फोन कुणाचा येतो? करमणुकीचा असेल तर पेटीत टाका. घरून येत असेल तर ऑफिसातला एक फोन त्याच्यासाठी ठेवा, नंबर त्याच्या घरी द्या आणि फोन आला की माणसाला काम थांबवून बोलवा. माणसाच्या हातातला मोबाईल काढता येतो, त्याचा जीव कुठं अडकलाय ते काढता येत नाही. काही मालकांनी ऐकलं. काही जण माझं बोलणं चालू असताना मोबाईल बघत होते.

मोबाईल आणि गमछा दोन्ही मुद्देमालात जमा झाले. बाईनं मोबाईल परत मागितला नाही. गमछा मागितला. तोच देता येत नव्हता, तो पुरावा होता. लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या खोलीत गेला आणि निकालापर्यंत तिथंच राहिला.

परत द्यायचा आदेश आला तेव्हा मोलगीच्या बाजाराला बंदोबस्त होता, म्हणून मीच घेऊन गेलो. निरोप धाडला होता. बाई आली नाही, ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. आजी आली होती, नातीला घेऊन. मी सील फोडलं. इतक्या काळानंतरही गमछ्यातून खकाणा उडाला. मुलगी जोरात शिंकली आणि हसली. मग तिनं गमछ्यात नाक खुपसलं आणि आजीला काहीतरी विचारलं.

सोबतच्या शिपायाला मी विचारलं, काय म्हणाली?

"विचारते सर, बाबा फोनवर का येत नाही?"